फोटोत तोच डाग पुन्हा पुन्हा: सेन्सरवरची धूळ ओळखणं आणि घरी काढणं

आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत एकाच जागी मऊ कडांचा करडा ठिपका. लेन्स बदलली तरी तो जागा सोडत नाही. एफ/४ ला, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक (अ‍ॅपर्चर) मोठं ठेवून काढलेल्या फोटोत दिसत नाही, एफ/१६ ला, भोक लहान असताना, ठसठशीत उमटतो. कधी ठिपक्याऐवजी वाकडा केस किंवा कापडाचा तंतू असतो. ही लक्षणं एकत्र दिसत असतील तर धूळ सेन्सरवर, म्हणजे लेन्सच्या मागे फोटो टिपणाऱ्या भागावर, आहे. एक जरी जुळत नसेल तर सेन्सरला हात लावायचं कारण नाही. माझ्याकडे ‘एवढा सेन्सर साफ करून दे’ म्हणून जे कॅमेरे येतात, त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती जुळतच नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार इथे फार चालतो. म्हणून आधी संन्याशांची ओळख करून घेऊ.

व्ह्यूफाइंडरमधून डाग दिसतो पण फोटोत येत नाही, ही डीएसएलआरवाल्यांची (आत आरसा असलेला कॅमेरा वापरणाऱ्यांची) नेहमीची तक्रार. धूळ आरशावर किंवा त्याच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनवर असते. फोटो निघताना आरसा वर उचलला जातो, त्यामुळे फोटोला काहीही होत नाही. दुर्लक्ष करा. फोकसिंग स्क्रीनवर सहज चरे पडतात आणि आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या अंगाला असतो. दोन्ही ठिकाणी कापड फिरवलंत तर धूळ जाईल आणि ओरखडा राहील.

रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये लाल, निळे, पांढरे बारीक ठिपके दिसतात ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचेच उगाच उजळणारे बिंदू. धुळीचा डाग ही सावली असते, म्हणून तो नेहमी गडदच असणार. चमकणारा ठिपका धूळ असूच शकत नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या मेन्यूत ‘पिक्सेल मॅपिंग’ असतं, ते एकदा चालवून बघा.

फ्लॅश मारल्यावर दर फोटोत वेगवेगळ्या जागी गोल पारदर्शक फुगे दिसले, तर ते लेन्ससमोरच्या हवेतले धुळीचे कण किंवा पावसाचे थेंब. काही मंडळी त्यांना आत्मे मानतात. जुलैत जुहू चौपाटीवर आत्म्यांची गर्दी जरा जास्तच असते.

आणि सगळाच फोटो धुरकट येत असेल तर लेन्सकडे बघा. लेन्स काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत पांढरट, फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. सेन्सरचा काही दोष नाही.

डाग एफ/१६ लाच का दिसतो

एवढं समजलं की पुढची अर्धी घबराट कमी होते. धूळ खरं तर सेन्सरच्या चिपवर बसतच नाही. चिपच्या पुढे काचेचा फिल्टर असतो, धूळ त्याच्यावर बसते आणि तिची सावली मागे चिपवर पडते. अ‍ॅपर्चर मोठं असताना प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि सावली विरून जाते. अ‍ॅपर्चर लहान केलं की प्रकाश जवळपास एकाच दिशेने येतो आणि सावलीला कडा येतात. ढगाळ दिवशी फूटपाथवर छत्रीची सावली नीट पडत नाही आणि मेच्या उन्हात तिच्या काड्यासुद्धा मोजता येतात, तसं.

म्हणूनच तक्रार येते ती मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा किंवा वांद्र्याहून सागरी सेतू टिपणाऱ्यांकडून. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच), एफ/१६, वर भलंमोठं आकाश. शिवडीला रोहित पक्ष्यांचे फोटो काढणारे तेवढीच धूळ घेऊन सगळा हंगाम काढतात आणि त्यांना पत्ताही नसतो, कारण त्यांची लांब लेन्स एफ/५.६ वर उघडी असते.

पहिली तपासणी: फुकटची

कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (डायलवर A किंवा Av), आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/१६, एक्स्पोजर एक स्टॉप (+१) वाढवलेलं. फोकस मॅन्युअल आणि अनंतावर. समोर पांढरी भिंत किंवा कॉम्प्युटरवर उघडलेलं कोरं पांढरं पान घ्या, भिंतीच्या जवळ उभे राहा आणि शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवा. हे उलटं वाटेल, पण त्यात युक्ती आहे. भिंतीचे पोपडे आणि डाग हलल्यामुळे पुसले जातात. सेन्सरवरची धूळ कॅमेऱ्याबरोबरच हलते, म्हणून ती जागच्या जागी उमटते. फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून कॉन्ट्रास्ट वाढवा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघत जा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघून निकाल देऊ नका. त्या स्क्रीनवरच चरा असतो आणि माणूस सेन्सर घासायला बसतो.

एफ/२२ किंवा एफ/३२ ला ही चाचणी करू नका. तिथे नव्या कोऱ्या कॅमेऱ्यातही काहीतरी सापडतं आणि मग रात्रीची झोप जाते. माझा नियम साधा आहे: तुम्ही रोज ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढता त्याला डाग दिसत नसेल, तर सेन्सर स्वच्छ आहे असं समजायचं. एफ/११ ला दोन-तीन फिकट ठिपके दिसत असतील तर लाइटरूममध्ये किंवा तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरमध्ये ते पुसायला फोटोमागे मिनिटभरही लागत नाही. काचेवर ओला स्वॅब (सपाट टोकाची कापडी काडी) फिरवण्यात जी जोखीम आहे, तिच्यापुढे हे मिनिट स्वस्त आहे.

हा चाचणीचा फोटो जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर असाच दुसरा काढायचा आणि पहिल्याशेजारी ठेवून बघायचा. त्याशिवाय डाग गेला की नुसता सरकला, हे कळणार नाही.

आणखी एक. लेन्सने सेन्सरवर पडणारी प्रतिमा उलटी असते. कॅमेरा सरळ धरून समोरून सेन्सरकडे बघताना फोटोतल्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग खालच्या डाव्या कोपऱ्यात शोधायचा. वर-खाली बदलतं, डावं-उजवं बदलत नाही. हे लक्षात नसलं की माणसं भलताच कोपरा घासत बसतात.

दुसरी: मेन्यूतली सफाई

२००३ सालच्या ऑलिंपस ई-१ पासून कॅमेऱ्यात सेन्सरसमोरचा फिल्टर सूक्ष्म कंपनांनी झटकायची सोय येऊ लागली आणि आता ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते. मेन्यूत ‘सेन्सर क्लीनिंग’ शोधा. कॅमेरा टेबलावर सरळ, बूड खाली टेकवून ठेवा आणि मग चालवा, म्हणजे झटकलेली धूळ खाली पडेल. हातात आडवातिडवा धरून चालवलीत तर ती तिथेच कुठेतरी पुन्हा बसेल. तीन-चार वेळा चालवा. सलग फार वेळा चालवलीत तर काही कॅमेरे आतलं सर्किट जपण्यासाठी ती सोय थोडा वेळ बंद ठेवतात. ते बिघाडाचं लक्षण नाही.

कोरडी, सुटी धूळ असेल तर बऱ्याचदा इथेच काम संपतं. चिकटलेल्या डागावर याचा उपयोग नाही.

तिसरी: झाकणं, माउंट, बॅग

ही पायरी सगळे गाळतात आणि म्हणूनच डाग पुन्हा येतो. लेन्सची मागची कॅप आणि कॅमेऱ्याची बॉडी कॅप उजेडात धरून आत बघा. बॅगेच्या तळाशी पडून राहिलेल्या कॅपमध्ये कापडाचे तंतू, बिस्किटाचा चुरा, प्लास्टिकचा भुगा असं सगळं सापडतं. ती कॅप लेन्सला लावली की माल लेन्सच्या मागच्या बाजूला जातो आणि ती लेन्स कॅमेऱ्याला लावली की आत. कॅप साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. लेन्सच्या धातूच्या माउंटवरून (कॅमेऱ्यात अडकणाऱ्या कड्यावरून) कोरडं मायक्रोफायबर फिरवा, माउंटची बाजू खाली धरून. बॅग रिकामी करून व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्या. नंतर सेन्सर साफ केलात तर त्या सफाईला काही अर्थ राहील.

नव्या कॅमेऱ्यात धुळीशिवाय आणखी एक गोष्ट येऊ शकते: शटरच्या यंत्रणेतून उडणारे तेलाचे बारीक थेंब. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर असे ठिपके येण्याचं प्रकरण बरंच गाजलं होतं आणि शेवटी कंपनीने शटर बदलून द्यायची तयारी दाखवली. तेलाचा डाग बहुतेक वेळा बराचसा गोल असतो, मधे फिका आणि कडेला गडद. ब्लोअरने तो हलत नाही. साफ केल्यावर काही आठवड्यांत त्याच कोपऱ्यात तसेच ठिपके पुन्हा आले तर तुमच्या हाताला दोष देऊ नका, शटर दाखवायला न्या.

चौथी: रबरी ब्लोअर

काही शे रुपयांत मिळणारा रबरी फुग्याचा ब्लोअर घ्या, तोंडाशी ब्रश नसलेला. नवीन ब्लोअरच्या आत कधीकधी पावडर असते, म्हणून आधी पंधरा-वीस वेळा हवेतच दाबून रिकामा करा.

जागा कुठली निवडता ते महत्त्वाचं. पंखा बंद, खिडकी बंद, स्वयंपाकघरापासून लांब. फोडणीची वाफ तेलकट असते आणि ती हवेत बराच वेळ राहते. परदेशी व्हिडिओंत बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफेने धूळ खाली बसवा असं सांगतात. मुंबईच्या पावसाळ्यात हा उद्योग करू नका. हवेत ओल आधीच भरपूर असते, त्यात वाफ सोडलीत तर काचेवर पाणी धरेल. ओल्या फडक्याने टेबल पुसून घेतलं तरी पुरे.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. डीएसएलआर असेल तर मेन्यूतून सफाईसाठी आरसा वर करा. बल्ब मोडवर शटर उघडं ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका. बटणावरचं बोट सुटलं की शटर बंद होतं, आणि तेव्हा तुमचं काहीही आत असू शकतं. बॅटरी पूर्ण हवी तीही याचसाठी. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) काही मॉडेल बंद केल्यावर शटर मिटून घेतात. लेन्स काढल्यावर चमकत्या काचेऐवजी काळी पाती दिसली तर त्यांच्यावर हवा मारू नका. ती अतिशय पातळ असतात, वाकली की मोठा खर्च. सफाईसाठी शटर कसं उघडं ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये बघा.

आता कॅमेऱ्याचं तोंड खाली जमिनीकडे करा. ब्लोअरची नळी माउंटच्या कडेच्या आत न्यायची नाही, बाहेरूनच दहा-बारा जोरदार झोत मारायचे. तोंड खाली, कारण सुटलेली धूळ बाहेर पडायला हवी. मग लगेच लेन्स लावा आणि चाचणीचा फोटो काढा. ठिपके कमी झाले असतील तर आणखी एकदा करा.

तोंडाने फुंकू नका. ताक फुंकून प्यायला हरकत नाही, सेन्सर नको. थुंकीचा एक तुषार वाळला की त्याचा डाग धुळीपेक्षा चिवट असतो. कॉम्प्युटर साफ करायचा दाबाच्या हवेचा डबाही नको, त्यातून द्रवरूप वायू बाहेर येऊन काचेवर डाग पडतो. कानात घालायच्या कापसाच्या काड्या, चष्म्याचं कापड, कॉलिन, सॅनिटायझर यांतलं काहीही सेन्सरच्या जवळ आणायचं नाही.

गुलाल आणि खारा वारा

अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर कॅमेऱ्यांची रांग लागते. लालबागच्या गर्दीत मिरवणूक चालू असताना लेन्स बदललेली असते आणि आत गुलाल गेलेला असतो. गुलाल अतिशय बारीक असतो आणि त्यात रंग असतो. त्यावर थेट ओला स्वॅब फिरवलात तर ठिपक्याचा फराटा होईल. म्हणून गुलालाच्या बाबतीत ब्लोअर, पुन्हा ब्लोअर आणि बॉडीच्या बाहेरच्या सगळ्या फटी कोरड्या ब्रशने साफ केल्यावरच पुन्हा ब्लोअर. फटींत राहिलेला गुलाल पुढच्या वेळी लेन्स काढताना आत जातोच. मिरवणुकीला एकच झूम लेन्स लावून जावं आणि घरी येईपर्यंत ती काढू नये, एवढं पाळलं तर रांग निम्मी होईल. विनंती करून थकले.

समुद्राच्या तुषारांचा मामला वेगळा. थेंब वाळला की मागे मीठ राहतं, त्याचे कण टणक असतात आणि घासले तर चरा पडू शकतो. शिवाय बाजारात मिळणारी सेन्सरची बरीच द्रावणं मिथेनॉलची असतात आणि मीठ मिथेनॉलमध्ये पाण्याइतकं विरघळत नाही. मरीन ड्राइव्हच्या लाटा अंगावर घेऊन आलात आणि नंतर सेन्सरवर पांढरट कडांचा डाग दिसला, तर घरी स्वॅब उघडू नका.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचांवर वाफ धरते. अशा वेळी लेन्स काढली तर ती वाफ सेन्सरवरही येते आणि धूळ चिकटवून जाते. बाहेर पडण्याआधी कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास एसीबाहेर राहू द्या. घरी ठेवायला ड्राय कॅबिनेट उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्के. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. चामड्याच्या केसमध्ये जून ते सप्टेंबर कॅमेरा ठेवू नका. तांदळाच्या डब्यात तर कधीच नाही, तांदळाची पूड आत गेली की पहिल्या पायरीपासून सुरुवात.

पाचवी: ओला स्वॅब, आणि तोही जमत असेल तर

दोनदा ब्लोअर करूनही डाग हलला नाही आणि तो तुमच्या नेहमीच्या अ‍ॅपर्चरला दिसतो, तरच इथपर्यंत या. हात थरथरत असेल, चष्मा घरी विसरला असेल, उद्या लग्नाची ऑर्डर असेल, तर आज नको.

स्वॅब सेन्सरच्या मापाचाच हवा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, त्याला २४ मिलिमीटरचा स्वॅब. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, त्याला १६ मिलिमीटरचा. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, त्याचा वेगळा मिळतो. माप जुळलं की एका फटक्यात सगळी काच पुसली जाते. लहान स्वॅब दोन-तीनदा फिरवला की मधे रेघा राहतात आणि मोठा घुसवला तर कडेच्या भागांना लागतो.

द्रावण सेन्सरसाठीच बनवलेलं घ्या. मिथेनॉल विषारी आहे आणि लगेच पेट घेतं. मुलांपासून, गॅसपासून, देवघरातल्या निरांजनापासून लांब ठेवा, खिडकी काम झाल्यावर उघडा.

स्वॅबच्या कडेवर दोनच थेंब, दहा सेकंद थांबा, थेंब कापडात मुरू द्या. जास्त ओला झाला तर द्रावण काचेच्या कडेने आत जातं आणि डाग सोडतं. छोट्या बाजूच्या कडेला स्वॅब टेकवा, किंचित तिरका धरा, सेन्सरच्या लांबीच्या दिशेने एकाच गतीने पलीकडे न्या. तिथे न उचलता तिरकेपणा उलटा करा आणि स्वॅबच्या दुसऱ्या बाजूने परत या. झालं. तो स्वॅब फेकून द्या. दुसऱ्यांदा वापरायचा नाही, त्याने उचललेला कण पुढच्या वेळी काचेवर चरा काढू शकतो.

जोर किती लावायचा? स्वॅबची दांडी जेमतेम वाकेल इतकाच. ज्या कॅमेऱ्यांत सेन्सर हलवून स्थिर करायची सोय असते, त्यांत तो जागेवर घट्ट बसलेला नसतो, हाताखाली किंचित सरकतो. तिथे आणखी हलका हात.

पहिल्या स्वॅबनंतर चाचणीच्या फोटोत कडेला नवे डाग दिसले तर घाबरू नका, मधली घाण कडेला गेली आहे. आणखी एक नवा स्वॅब. दुसऱ्यानंतरही तोच डाग त्याच जागी असेल तर तिसरा उघडायचा नाही.

थांबायचं कुठे

दोन स्वॅब झाले आणि डाग तसाच. काचेवर सरळ, धारदार कडांची रेघ दिसते. पुसल्यावर इंद्रधनुषी झाक राहते. शटरच्या पात्याला काहीतरी लागलं. सेन्सरवर किंवा त्याच्या कडेला बुरशीची नक्षी दिसते. समुद्राचं किंवा पावसाचं पाणी बॉडीत गेलं. यातलं काहीही असेल तर घरचं काम तिथे संपलं. पाणी गेलं असेल तर कॅमेरा सुरू करून बघायचा मोह आवरा, बॅटरी आणि कार्ड काढा आणि त्याच दिवशी न्या. वाट बघितली की खारट पाणी आतल्या जोडण्या खाऊ लागतं. वॉरंटी चालू असेल तर ओला स्वॅब अजिबात नको, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आपल्या हातून पडलेला चरा वॉरंटीत बसत नाही. आणि ज्या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यांच्या सेन्सरवर डाग दिसला तर घरी उघडायचा विचारही करू नका.

कंपनीचं अधिकृत सेंटर किंवा फोर्टातल्या बोरा बाजारातले जुने दुरुस्तीवाले, कुठेही न्या, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. चाचणीचा फोटो कार्डात, पूर्ण चार्ज बॅटरी, धुतलेली बॉडी कॅप आणि एक लेन्स बरोबर ठेवा. काय काय करून झालं आहे ते खरं सांगा, विशेषतः ओला स्वॅब फिरवला असेल तर कुठल्या द्रावणाने. नुसती सफाई आणि काच बदलणं यांचे दर वेगवेगळे विचारून घ्या, आणि काच बदलायची वेळ आली तर आधी फोन करा असं पावतीवरच लिहून घ्या. कॅमेरा परत घेताना पैसे देण्याआधी काउंटरवरच एफ/१६ ला पांढऱ्या कागदाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. चांगला कारागीर याने रागावत नाही, उलट स्वतःच कागद पुढे करतो.